स्पाला एकाआड एक वर्ष नको: फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनास खुलं पत्र

प्रति,
फॉर्म्युला वनचं वार्षिक वेळापत्रक ठरवणारं व्यवस्थापन

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये आपण जाहीर केलंत की फॉर्म्युला वनची बेल्जियममधली मोटार शर्यत स्पा-फ्रँकोरशाँ (थोडक्यात स्पा) या सर्किटवर २०२६, २०२७, २०२९ आणि २०३१ मध्ये होईल. बहुतेक ठिकाणी ही बातमी ‘करार वाढला’ म्हणून आनंदाने छापली गेली. मलाही आधी आनंदच झाला. मग आकडे पुन्हा वाचले आणि मधली दोन वर्षं गळलेली दिसली, २०२८ आणि २०३०. हे पत्र त्या दोन वर्षांसाठी आहे.

मी सातारचा. मराठीत लिहितो आहे, कारण या शर्यतींवर पंचवीसेक वर्षं ज्यांच्याशी बोलत, भांडत आलो ती सगळी माणसं मराठीच बोलतात. आपल्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत आम्हीही मोजले जातो, तेव्हा आमचं म्हणणं आमच्या भाषेत मांडायला हरकत नसावी.

स्पाशी माझी ओळख १९९८ च्या ऑगस्टअखेरची. गणपतीचे दिवस होते. आमच्याकडे केबल नव्हती म्हणून मामाकडे गेलो होतो. आपल्याकडचे साडेपाच वाजले, शर्यत सुटली, आणि पहिलं वळण संपून उतार लागतो तिथे डेव्हिड कूल्टहार्डची मॅक्लारेन गर्रकन फिरली. मागच्यांना उडणाऱ्या पाण्यात काही दिसत नव्हतं. एकामागून एक तेरा गाड्या आदळल्या. सुटलेली चाकं उतारावरून एकटीच घरंगळत जाताना अजून डोळ्यांसमोर आहेत. मामी म्हणाली, “सणासुदीचं हे काय बघत बसलाय रे?” आणि पदराला हात पुसत तीही बसली. कुणाचा जीव गेला नाही हे कळेपर्यंत तिने डोळ्यांवरचा हात काढला नव्हता. पुन्हा सुरू केलेली ती शर्यत डेमन हिलने जिंकली. जॉर्डन संघाचा तो पहिलाच विजय होता. आरती आमच्याशिवाय झाली, त्याबद्दल आजीची बोलणी खाल्ली.

घाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला चढ ओळखता येतो. टीव्हीवर सगळे रस्ते सपाट दिसतात, तरी त्या खोलगटातून उठून टेकडीवर जाणाऱ्या रस्त्याने मला पसरणीचा घाट आठवला. वाईत लख्ख ऊन असतं आणि वर पाचगणीला पोचेतो पावसाने झोडपलेलं असतं, तसंच तिथेही होतं हे नंतर वाचून कळलं. आर्देनच्या जंगलातला हा मार्ग सात किलोमीटरचा, आपल्या वेळापत्रकातला सर्वांत लांब. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जागा यांत जवळपास शंभर मीटरचा फरक आहे. एका टोकाला कोरडं आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हे तिथे नित्याचं.

हा रस्ता कुणा वास्तुविशारदाने कोऱ्या कागदावर काढलेला नाही. १९२० साली लिएजच्या ‘ला म्यूझ’ वृत्तपत्राचे जूल द तिए आणि त्यांच्यासोबत आंरी लांग्ल्वा व्हान ऑफेम यांनी फ्रँकोरशाँ, माल्मेदी आणि स्टाव्हलो या तीन गावांना जोडणारे नेहमीचेच रस्ते निवडले. साधारण पंधरा किलोमीटरचा त्रिकोण झाला. ऑगस्ट १९२१ मध्ये मोटारींची पहिली शर्यत ठरली, पण नाव नोंदवलं एकाच माणसाने. शेवटी मोटरसायकलींची शर्यत घेऊन उद्घाटन साजरं केलं. पुढच्या वर्षी मोटारी आल्या, १९२४ ला चोवीस तासांची शर्यत सुरू झाली आणि १९२५ ला बेल्जियमची पहिली ग्रां प्री, म्हणजे देशाच्या नावाने होणारी मोठी शर्यत, झाली.

ती पहिली ग्रां प्री अल्फा रोमिओच्या अंतोनियो अस्कारीने जिंकली आणि महिन्याभरात फ्रान्समधल्या मोंलेरीच्या शर्यतीत अपघात होऊन तो मरण पावला. त्याचा मुलगा अल्बर्तो तेव्हा सात वर्षांचा होता. १९५२ आणि १९५३ ला हाच मुलगा स्पाला जिंकला, ज्या रस्त्यावर बाप जिंकला होता त्याच रस्त्यावर. तुमच्या वेळापत्रकात अशी दुसरी किती ठिकाणं उरली आहेत, सांगा.

ओ रूज हे नाव आज जगभर गाजलेलं आहे. मुळात तो एक लहानसा ओढा आहे. पाण्यातल्या लोहामुळे खडक तांबूस होतात म्हणून त्याचं नाव ‘तांबडं पाणी’. (पुष्कळजण पूर्ण चढालाच ओ रूज म्हणतात; खाली ओढ्यापाशी आहे ते ओ रूज, आणि तिथून उजवीकडे वर चढतो तो रेदियों. ही चूक मीही बरीच वर्षं केली.) पहिल्या महायुद्धापूर्वी बेल्जियम आणि जर्मनी यांची हद्द इथून जात होती. माल्मेदी तेव्हा जर्मनीत होतं. युद्धानंतरच्या तहाने ते बेल्जियमकडे आलं, हद्द पुढे सरकली आणि इथला जकात नाका ओस पडला. शर्यतीचा रस्ता आधी ओढ्यापाशी डावीकडे वळून त्या जुन्या नाक्यापर्यंत जायचा आणि तिथून माघारी वळायचा. त्या वळणाचं नावच ‘जुना जकात नाका’ होतं. १९३९ मध्ये ते गाळून सरळ टेकडीवर चढणारा रेदियों केला. आज तुमच्या जाहिरातींत सर्वांत जास्त दाखवला जाणारा चढ म्हणजे एका बंद पडलेल्या नाक्याला टाळून काढलेली वाट आहे.

त्याच वर्षी, जूनमध्ये, मर्सिडीजचा रिचर्ड सीमन पावसात आघाडीवर असताना झाडावर आदळला. गाडी पेटली आणि त्या भाजण्यातून तो वाचला नाही. मग युद्ध आलं. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मन रणगाडे स्टाव्हलोला पोचले तेव्हा तिथून फ्रँकोरशाँकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अमेरिकी सैन्याचे पेट्रोलचे डबे रचलेले होते. पेट्रोल शत्रूच्या हाती पडू नये आणि वाटही अडावी म्हणून बेल्जियन सैनिकांनी ते डबे रस्त्यातच पेटवून दिले. तीन वर्षांनी, १९४७ ला, तिथे पुन्हा ग्रां प्री झाली.

आता १९६६. हे तुम्हाला ठाऊकच असणार, तरी सविस्तर लिहितो, कारण आज ज्याला आपण सुरक्षा म्हणतो ती बऱ्याच अंशी या एका दुपारच्या पोटातून आली. १२ जूनला शर्यत सुटली तेव्हा रस्ता कोरडा होता. पलीकडच्या अंगाला, बर्ननव्हीलपाशी, पाऊस कोसळत होता आणि चालकांना त्याची कल्पना नव्हती. पहिल्याच फेरीत पंधरांपैकी निम्म्या गाड्या रस्ता सोडून गेल्या. मास्ताच्या परिसरात जॅकी स्टुअर्ट या चालकाची बीआरएम गाडी रस्त्याखाली एका शेतघरापाशी जाऊन अडकली. स्टिअरिंगखाली पाय अडकलेले, टाकी फुटलेली, अंगावर पेट्रोल. एक ठिणगी पुरे होती. तिथे ना डॉक्टर होता, ना मदतनीस, ना हत्यारं. त्याच जागी घसरलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे चालक धावले आणि एका प्रेक्षकाकडून पाना मागून घेऊन त्यांनी स्टिअरिंग सोडवलं. पंचवीसेक मिनिटं तो त्या पेट्रोलमध्ये होता. नंतर दवाखान्याकडे निघालेली रुग्णवाहिका लिएजची वाट चुकली.

त्यानंतर स्टुअर्ट स्वतःच्या गाडीत स्टिअरिंगपाशी पाना चिकटवून शर्यतीला बसू लागला. कडेचे कठडे, सीटबेल्ट, शर्यतीच्या जागी डॉक्टर, यांसाठी तो वर्षानुवर्षं भांडला आणि त्यासाठी त्याला भित्राही म्हटलं गेलं. १९६९ ला चालकांनी स्पावर बहिष्कार घातला आणि ती शर्यत रद्द झाली. जुन्या चौदा किलोमीटरच्या मार्गावरची शेवटची ग्रां प्री १९७० ची. पेद्रो रॉद्रिगेस ती ताशी २४० किलोमीटरच्या सरासरीने जिंकला, आणि तो रस्ता घरांच्या, खांबांच्या, गोठ्यांच्या मधून जाणारा होता. १९६० च्या एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि अ‍ॅलन स्टेसी असे दोघे गेले होते. स्टेसीच्या तोंडावर पक्षी आदळला होता. जिम क्लार्कला ही जागा मनापासून आवडत नसे, तरी १९६२ ते १९६५ तो तिथे सलग चार वेळा जिंकला.

महोदय, त्या वेळी स्पाला वेळापत्रकातून काढणं बरोबर होतं. मी या जागेवर कितीही प्रेम करत असलो तरी १९७० चा मार्ग चालू ठेवायला हवा होता असं कधी म्हणणार नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. बेल्जियमची शर्यत कधी निव्हेलला, कधी झोल्डरला गेली. स्पाच्या माणसांनी रडत न बसता मार्ग निम्म्यावर आणला. माल्मेदी आणि मास्ताकडचा धोक्याचा अर्धा भाग सोडून दिला, टेकडीवरून खाली ब्लांशिमाँला येऊन मिळणारा नवा रस्ता काढला, आणि ला सूर्सचं वळण, ओ रूज, केमेलची सरळ रेघ हे सगळं जिथल्या तिथे राहिलं. १९७९ ला तो तयार झाला आणि १९८३ ला आपण परत आलात. १९८४ ला शर्यत आणखी एकदा झोल्डरला झाली, पण १९८५ पासून ही जागा फक्त दोनदा चुकली. २००३ ला तंबाखूच्या जाहिरातबंदीच्या कायद्यामुळे आणि २००६ ला तिथल्या कामांमुळे. दोन्ही वेळा कारण सांगता येण्याजोगं होतं. २०२८ चं कारण काय?

धोका हे कारण असू शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९८५ ला स्टेफान बेलोफ हा चालक ओ रूजपाशी अपघातात गेला. ३१ ऑगस्ट २०१९ ला रेदियोंच्या माथ्यावर आंत्वान युबेर गेला, बावीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र शार्ल लक्लेर पहिली ग्रां प्री जिंकला आणि हसला नाही. त्या शर्यतीच्या एकोणिसाव्या फेरीला, युबेरच्या गाडीच्या क्रमांकाला, सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आम्हीही घरात उभे राहिलो. जुलै २०२३ मध्ये दिलानो व्हान ’ट होफ हा अठरा वर्षांचा मुलगा पावसात, समोरचं काही दिसत नसताना, त्याच चढापुढच्या सरळ रस्त्यावर गेला. मधल्या काळात तिथल्या लोकांनी कामं केली आहेत. रेदियोंच्या कडेची मोकळी जागा वाढवली, वाळूचे पट्टे परत आणले, माथ्यावरचं जुनं शॅले पाडलं. २०२० ला जाहीर झालेली ही योजना ८ कोटी युरोंची आहे. आपण त्यांना सांगितलंत की जागा सुधारा, त्यांनी सुधारली. त्याचा मोबदला सहापैकी चार वर्षं?

पाऊस हा स्पाचा दोष मानू नका. त्यात धावायचं की नाही हा निर्णय तुमच्या आणि एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या हातातला आहे. २९ ऑगस्ट २०२१ ला तो निर्णय चुकला. आम्ही साडेसहाला टीव्हीसमोर बसलो. सेफ्टी कारच्या (धोका असताना सगळ्यांना संथ ठेवणाऱ्या गाडीच्या) मागे दोन-चार फेऱ्या, मग लाल बावटा, मग तीन तास काही नाही. आपल्याकडचे पावणेदहा झाले तेव्हा गाड्या पुन्हा सेफ्टी कारच्या मागे थोडा वेळ फिरल्या आणि तेवढ्यावर शर्यत झाली असं जाहीर करून अर्धे गुण वाटले. पावसात न धावणं योग्यच होतं. एकही खरी फेरी न होता निकाल लावणं अयोग्य होतं. त्या दिवशी हजारो माणसं लहान मुलांना प्लास्टिकच्या रेनकोटात गुंडाळून चिखलात उभी होती. चूक त्या टेकडीची नव्हती, आणि त्या माणसांची तर मुळीच नव्हती. नंतर गुणांचे नियम बदलले हे खरं, पण त्या माणसांचा तो दिवस गेलाच.

स्पावर आम्हा भारतीयांचाही थोडा हक्क आहे. २००८ च्या सुरुवातीपासून फोर्स इंडिया या भारतीय मालकीच्या संघाच्या गाड्यांना एकही गुण मिळाला नव्हता. ऑगस्ट २००९ मध्ये, पुन्हा गणपतीतच, त्यांचा जियानकार्लो फिसिकेला स्पाला पोल पोझिशनवर, म्हणजे सुटण्याच्या रांगेत पहिला, आला. संघ इंग्लंडात, चालक इटालियन, इंजिन मर्सिडीजचं, हे सगळं आम्हाला माहीत होतं. पण गाडीवर केशरी-हिरवे पट्टे होते आणि ती सर्वांच्या पुढे उभी होती. सेफ्टी कार बाजूला झाल्यावर किमी रायकोनेनने केमेलच्या सरळ रस्त्यावर, साठवलेल्या ऊर्जेचा जादा जोर वापरून, तिला मागे टाकलं. त्यानंतर शेवटपर्यंत ती त्याच्या मागे चिकटून राहिली. एका सेकंदापेक्षाही कमी अंतराने दुसरी. मामाने त्या दिवशी घरच्या मोदकांचं ताट शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरवलं, कारण विचारणाऱ्याला सगळी शर्यत पहिल्यापासून सांगितली.

आणि एक वर्ष गाळण्याचा अर्थ काय असतो, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मी पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला गेलो, तिथून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटला. गाडीचा आवाज पहिल्यांदा छातीत ऐकला. २०११, २०१२, २०१३, तिन्ही वर्षं सेबास्टियन वेटेल जिंकला. मग २०१३ मध्येच सांगण्यात आलं की २०१४ ला शर्यत होणार नाही, एक वर्षाचा खंड, २०१५ ला परत. ती परत आली नाही. करांचे वाद होते, आयोजक कंपनीच्या अडचणी होत्या, दोष केवळ आपल्याला देता येणार नाही. पण ‘एकच वर्ष’ हे शब्द आम्ही तेव्हा विश्वासाने ऐकले होते. मी तर २०१५ साठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली होती. सर्किट आजही तिथे आहे. २०२३ ला मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यत आली, तीही एकदाच.

जुन्या जागांचं असंच होतं. १९५० साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा वर्षात सात शर्यती होत्या. सिल्व्हरस्टोन, मोनॅको, इंडियानापोलिस, ब्रेमगार्टन, स्पा, राँस आणि मोंझा. १९५५ च्या फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीतल्या भीषण अपघातानंतर स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली आणि ब्रेमगार्टन संपलं. राँसचे जुने स्टँड आणि पिट्स फ्रान्समध्ये शेतांच्या कडेला उभे आहेत, भिंतींवर जुन्या जाहिरातींची नावं आहेत, आणि शेजारून साध्या मोटारी ये-जा करतात. इंडियानापोलिसची शर्यत अजिंक्यपदातून १९६० नंतरच गेली. सातांतली चार उरली. त्यांतल्या एकीला आता आपण एकाआड एक वर्षाच्या रांगेत उभं केलं आहे. चोवीस तासांची शर्यत स्पाला चालूच राहील, ते सर्किट उद्या ओस पडणार नाही, हे मला कळतं. पण फॉर्म्युला वन नसलेल्या वर्षात तिथल्या नव्या स्टँडचं, सुधारणेच्या पुढच्या टप्प्याचं काय करायचं, हा प्रश्न त्या छोट्या गावांपुढे आणि वालोनिया या बेल्जियमच्या तिथल्या प्रांताच्या सरकारपुढे दर वेळी येणार. पहिल्या खंडानंतर दुसरा खंड सोपा होतो.

नव्या शहरांना शर्यत देऊ नका असं मी म्हणत नाही. एकेकाळी ग्रेटर नोएडाही नवंच होतं आणि तुम्ही तिथे आलात म्हणून मी आयुष्यात एकदा हे सगळं प्रत्यक्ष पाहिलं. चोवीस शर्यतींच्या वर्षात नव्यांना जागा आहे. ती जागा करताना १९५० च्या चार ठिकाणांना हात लावू नये, एवढंच मागणं आहे.

म्हणून माझी विनंती अशी. २०२८ आणि २०३० ही दोन्ही वर्षं स्पाला परत द्यावीत. करारामुळे ते आता शक्य नसेल, तर निदान हे लेखी जाहीर करावं की त्या दोन वर्षांत कुठलीही शर्यत कोणत्याही कारणाने रद्द झाली तर ती जागा सर्वांत आधी स्पाला विचारली जाईल, आणि २०३१ नंतरच्या करारात यापेक्षा कमी वर्षं नसतील. त्याचबरोबर, पावसामुळे एकही फेरी मोकळी धावली गेली नाही तर तिकिटाचे पैसे प्रेक्षकांना परत मिळतील, हा नियम सगळ्याच ठिकाणांसाठी करावा. २०२१ ला त्या चिखलात उभ्या राहिलेल्यांचं एवढं देणं लागतं.

मामा आता सत्तरी ओलांडून गेला आहे. दर जानेवारीला नवं कालनिर्णय भिंतीवर लावलं की तो मला फोन करून स्पाची तारीख विचारतो आणि त्या रविवारवर पेनाने गोल करतो. यंदा मी त्याला पुढच्या वर्षांचंही सांगितलं. २०२८ ला नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “त्यांना लिही.”

त्याच्या सांगण्यावरून लिहिलं आहे. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
सातारचा एक प्रेक्षक